बाजाराच्या गावाचं कचरा नियोजन कसं करावं

आठवडे बाजार भरणारं, सात-आठ हजार वस्तीचं गाव डोळ्यांसमोर आणा. एसटी स्टँड, दोन-तीन शाळा, एखादं मंगल कार्यालय, चिकनची पाच-सहा दुकानं. अशा गावात कचऱ्याचं काम बहुतेक वेळा घंटागाडीपासून सुरू होतं. निधी येतो, गाडी येते, नारळ फुटतो आणि ती गाडी सगळा कचरा एकत्र उचलून गायरानात नाहीतर ओढ्याच्या काठी ओतून येते. उन्हाळ्यात तोच ढीग पेटवला जातो. रस्ते स्वच्छ दिसतात, पण कचरा फक्त वेशीबाहेर गेलेला असतो.

गाडी घेण्याआधी बरंच काम आहे, आणि त्यातलं सर्वांत महत्त्वाचं घराच्या परसात आहे. आपल्याकडे ओल्या कचऱ्याची व्यवस्था होतीच. शेण, काडीकचरा, राख, खरकटं उकिरड्यावर पडायचं आणि पावसाळ्याआधी शेतात जायचं. त्या उकिरड्यात प्लास्टिक शिरलं आणि ती व्यवस्था मोडली. आता ते खत शेतात टाकलं की नांगराच्या फाळाला पिशव्या गुंडाळून येतात. मग शेतकरी ते नको म्हणतो आणि उकिरड्याची कचराकुंडी होते. उकिरड्यातून प्लास्टिक बाहेर काढणं, हा खेड्यातल्या नियोजनाचा पाया आहे.

आधी कचरा तोला

अंदाजपत्रक दुसऱ्या गावाचं उतरवून घेऊ नका. चाळीसेक घरं निवडा: काही गुरं असलेली, काही गावठाणातल्या दाटीची, काही नव्या प्लॉटवरची, काही भाड्याच्या खोल्यांतली. प्रत्येक घराला दोन पिशव्या द्या आणि सलग सात दिवस, बाजाराचा वार धरून, ओला आणि सुका वेगवेगळा तोला. ताडपत्री, काटा आणि वही एवढं सामान पुरतं. दुकानं, हॉटेलं, चिकनवाले आणि बाजार यांचं वजन वेगळं घ्या, कारण तिथला कचरा घरांपेक्षा अगदी निराळा असतो.

सुक्या पिशव्या ताडपत्रीवर पसरून हातानं निवडा. पुठ्ठा, पाण्याच्या बाटल्या, लोखंड, काच हे भंगारवाला लगेच नेतो. दुधाच्या पिशव्या धुतलेल्या असतील तर त्याही जातात. खाली उरतो तो गुटख्याच्या पुड्या, शाम्पूच्या पुड्या आणि चिप्सच्या पाकिटांचा चकचकीत ढीग. वजनाला तो हलका, पण गटार तुंबतं ते त्यानंच. हा ढीग सरपंचांना आणि सदस्यांना समोर उभं करून दाखवा. कागदावरच्या आकड्यापेक्षा त्याचा परिणाम जास्त होतो.

याच आठवड्यात गावचा नकाशा काढा. कोणत्या घराला परस आहे, कोणाला नाही, ट्रॅक्टर कोणत्या बोळात शिरतो, लोक कचरा नेमका कुठे टाकतात, विहिरी आणि बोअर कुठे आहेत, हे त्यात यायला हवं.

ओला कचरा घराबाहेर काढू नका

ज्या घराला परस किंवा गोठा आहे त्यानं ओला कचरा गाडीत द्यायचा नाही, असा ठराव ग्रामसभेत घ्या. गुरं नसलेल्या घरांसाठी तीन फूट लांब, तीन फूट रुंद आणि तेवढेच खोल असे दोन खड्डे पुरतात. एक भरला की मातीनं झाकायचा आणि दुसरा वापरायला घ्यायचा. रोज खरकट्यावर मूठभर सुकी माती, पाचोळा किंवा जुनं खत टाकलं की माश्या आणि वास आटोक्यात राहतात. खड्डा विहिरीजवळ नको आणि पावसाचं पाणी आत जाईल अशा उतारावरही नको.

याचा हिशेब मांडून बघा. आठ हजार वस्ती म्हणजे साधारण 1,800 घरं. एका घराला एक मिनिट धरलं तरी रोज सगळ्या दारांशी जायला 30 तास लागतात. त्यातल्या 1,000 घरांचा ओला कचरा घरीच जिरला, तर ओल्यासाठी रोज 800 घरं उरतात. सुका कचरा प्रत्येक घराकडून आठवड्यातून एकदाच घेतला, तर सहा दिवसांत वाटून रोजची 300 घरं होतात. दोन्ही मिळून 1,100 मिनिटं, म्हणजे साधारण 18 तास. गाड्या कमी, डिझेल कमी आणि माणसांवरचा ताणही कमी.

चार पिशव्या, चार वाटा

2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक अशी तीन भागांत विभागणी सांगितली. गावात काम करताना सॅनिटरी पॅड आणि डायपर यांची चौथी पिशवी वेगळी ठेवणं फार गरजेचं आहे. ते कागदात गुंडाळून वर लाल खूण करून द्यायचे. वर्गीकरण करणाऱ्या बाईच्या हातात ते उघडे येणं हा तिचा अपमान आहे आणि आजाराला आमंत्रणही. हे सांगायला आशाताई आणि बचत गटातल्या बायकांइतकं योग्य कोणी नाही. या पॅड आणि डायपरची विल्हेवाट कशी लावायची, हे तालुक्याच्या आरोग्य विभागाशी बोलून आधीच ठरवा.

घातक कचऱ्यात ट्यूबलाइट, बॅटऱ्या, उरलेली औषधं येतात. कीटकनाशकांच्या बाटल्यांकडे विशेष लक्ष द्या. बाटली रिकामी होताना तीनदा विसळावी, ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतावं आणि मग बाटलीला भोकं पाडावीत, म्हणजे तिच्यात कोणी तेल किंवा पाणी भरणार नाही. या बाटल्या भंगारात द्यायच्या नाहीत.

घंटागाडीवर पहिल्या दिवसापासून एकच नियम ठेवा: मिसळलेला कचरा घ्यायचा नाही. पहिले दोन-तीन आठवडे लोक चिडतील, सदस्यांना फोन जातील. त्या काळात ग्रामपंचायत सफाई कामगाराच्या पाठीशी उभी राहिली नाही, तर पुढचं सगळं कोसळतं. सदस्यांनी आपापल्या वॉर्डात गाडीबरोबर चालावं. अडचण काय आहे ते त्यांना तिथेच कळतं.

बाजार, चिकनवाले आणि लग्नं

गावाच्या एकूण घाणीत मोजक्या ठिकाणांचा वाटा मोठा असतो. बाजाराची पावती वसूल करण्याचा लिलाव होतो. त्या लिलावाच्या अटींतच लिहा की बाजार उठल्यावर त्याच रात्री जागा झाडून द्यायची, भाजीपाला वेगळा आणि प्लास्टिक वेगळं. लिलावाआधी अट घातली तर ठेकेदार तो खर्च धरूनच बोली लावतो. नंतर सांगितलं तर कोणी ऐकत नाही. चांगला भाजीपाला त्याच संध्याकाळी गुरांना जातो, फक्त त्यात पिशव्या आणि रबर राहायला नकोत. गाईच्या पोटात गेलेलं प्लास्टिक बाहेर येत नाही.

चिकन आणि मासळीच्या दुकानांचा कचरा रोज ठरलेल्या वेळी झाकणाच्या डब्यातून उचला आणि वस्ती, विहीर, ओढा यांपासून लांबच्या खोल खड्ड्यात चुना आणि मातीच्या थराखाली पुरा. तो उघड्यावर पडला की भटकी कुत्री तिथे जमतात, आणि मग त्या रस्त्यानं शाळेत जाणाऱ्या मुलांचा प्रश्न उभा राहतो.

महाराष्ट्रात थर्माकोलची ताटं आणि एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या वस्तूंवर 2018 पासून बंदी आहे. देशभर अशा अनेक वस्तूंवर 1 जुलै 2022 पासून बंदी आली. तरी पंगतीला पर्याय द्यावाच लागतो. बचत गटाला स्टीलची ताटं, वाट्या, पेले घेऊन द्या आणि भाड्यानं द्यायला सांगा. गटाला उत्पन्न मिळतं आणि एका लग्नामागची पोतीभर ताटं कमी होतात. मंगल कार्यालयाला परवानगी देताना हीच अट घाला.

शेड, खड्डे आणि पुढची वाट

गावाच्या कडेला, पाणी न साचणाऱ्या जागी पत्र्याची शेड हवी. सिमेंटचा कोबा, सुक्या मालासाठी जाळीचे कप्पे, हात धुवायला पाणी आणि बायकांसाठी स्वच्छतागृह हे सगळं पहिल्याच आराखड्यात धरा. कामगारांना हातमोजे, गमबूट आणि धनुर्वाताचं इंजेक्शन मिळालंच पाहिजे.

गोळा होणाऱ्या ओल्या कचऱ्यासाठी नाडेप टाकी उत्तम. ही पद्धत पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांची. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरूनच तिला नाडेप म्हणतात. विटांची 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच टाकी बांधायची आणि भिंतीत हवेसाठी झरोके ठेवायचे. तळाला शेणकाल्याचा सडा द्यायचा. मग सहा इंच काडीकचरा, त्यावर 4 किलो शेण 125 ते 150 लिटर पाण्यात कालवून शिंपडायचं, त्यावर 50 ते 60 किलो चाळलेली माती. असे थर काठाच्या वर दीड फुटापर्यंत रचून शेणमातीनं लिंपायचं. ढीग खाली बसला की पुन्हा भरून लिंपायचं. भेगा पडू देऊ नका, ओल टिकवा. तीन-चार महिन्यांत खत तयार होतं. शेण आणि माती दोन्ही फुकट मिळणाऱ्या गावात महागड्या कंपोस्ट यंत्राची गरज मला दिसत नाही. वीज गेली किंवा पट्टा तुटला की ते बंद पडतं.

भंगारात न जाणाऱ्या पुड्या आणि पाकिटं कोरडी ठेवून गठ्ठे बांधा. ती सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून वापरता येतात, काही प्लास्टिकचा बारीक चुरा डांबरी रस्त्यातही जातो. एका गावाचा माल थोडा असतो, म्हणून आसपासच्या गावांनी एकत्र यावं. स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक तालुक्याला प्लास्टिक व्यवस्थापन केंद्राची तरतूद होती. तुमच्या तालुक्याचं केंद्र चालू आहे का, हे पंचायत समितीत विचारा. काहीही झालं तरी जाळू नका. त्या धुरातले विषारी घटक जवळच्याच घरांत जातात.

सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ल्याला एकदा जाऊन या. तिथल्या नगरपरिषदेनं, मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात, कचऱ्याचं वीसहून अधिक प्रकारांत वर्गीकरण सुरू केलं आणि कचरा डेपोची जागा लोकांनी पाहायला यावी अशी केली. तुमच्या गावाला एवढे प्रकार लागणार नाहीत. पण वर्गीकरण कडक ठेवलं की पुढचं काम किती सोपं होतं, ते तिथे पाहायला मिळतं.

पैसा आणि हिशेब

शेड, टाक्या, गाडी यांच्यासाठी योजनेचा निधी मिळू शकतो. दर महिन्याचा पगार मात्र गावानंच उभा करायचा असतो. घरपट्टीच्या पावतीवर आरोग्य कर असतो, पण तो नाममात्र. घरटी महिन्याला 30 रुपये ठरवले तर 1,800 घरांचे 54,000 रुपये होतात. दुकानांना, हॉटेलांना, मंगल कार्यालयाला दर जास्त ठेवा. शुल्क लगेच लावू नका. गाडी महिनाभर वेळेवर आली की लोक पैसे द्यायला तयार होतात. खत आणि भंगाराचं उत्पन्न कामगारांच्या बोनससाठी राखून ठेवा, पगाराच्या जमेत धरू नका, कारण भंगाराचा भाव कधी पडेल सांगता येत नाही.

जुना ढीग सर्वांत शेवटी हाताळा. नवा कचरा तिथे पडायचा पूर्ण थांबल्यावर उन्हाळ्यात तो उकरा, वाळवा, जाळीतून चाळा. चाळलेली माती आधी तपासून घ्या. काचा आणि सुया असतील तर ती शेतात देऊ नका, खड्डे बुजवायला वापरा.

दर महिन्याला किती ओला, किती सुका, किती विकला, किती उरला, किती घरांनी मिसळून दिला हे पाच आकडे ग्रामपंचायतीबाहेरच्या फळ्यावर लिहा. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभांत ते वाचून दाखवा, आणि जो आकडा सुधारलेला नाही त्याच्यावर त्याच सभेत माणूस नेमा.