क्लिनिकल पोस्टिंगला निघालात? सहीच्या आधी हात दाखवा

एमबीबीएसच्या सेकंड इयरला गेलात, वॉर्डातल्या पोस्टिंग सुरू होणार, स्टेथो आला, हॅमर आला, कुठलं पुस्तक घ्यायचं यावर हॉस्टेलवर वादही घालून झाले असतील, त्यात मी पडत नाही. मला एकच गोष्ट सांगायचीय.

२०१९ च्या बॅचपासून सीबीएमई, म्हणजे प्रत्यक्ष काय करता येतं यावर भर देणारा एमबीबीएसचा अभ्यासक्रम आला, आणि सोबत कुठलं काम कधी केलं ते नोंदवायचं लॉगबुक. त्यात तारीख, रेटिंग, फॅकल्टीची सही आणि शेवटच्या कॉलममध्ये फीडबॅक मिळाला म्हणून तुमची स्वतःची सही. कल्पना खरंच चांगलीय. पण आमच्याकडे पोस्टिंगच्या शेवटच्या दिवशी गठ्ठा टेबलावर जायचा, वरपासून खालपर्यंत सगळ्यांना 'एम', म्हणजे 'अपेक्षेइतकं जमतं', आणि आमच्या सह्या आम्ही जिन्यात बसून ठोकायचो. फीडबॅक कुणालाच मिळालेला नसायचा.

याने काय बिघडतं ते नीट समजून घ्या, कारण तेव्हा काहीच बिघडल्यासारखं वाटत नाही. बेडसाइडला तुम्ही केस प्रेझेंट करता, सर प्रश्न विचारतात, म्हणजे तपासलं जातं ते तुमचं बोलणं. पेशंटच्या पोटावर हात कसा पडतो हे बघायला कुणीच नसतं, ते तुम्ही आधीच एकटे उरकून आलेले असता. स्प्लीनचंच, म्हणजे डाव्या बरगडीखालच्या प्लीहेचंच घ्या. ती वाढते उजव्या इलियाक फोसाच्या, म्हणजे पोटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्याच्या दिशेने, म्हणून हात तिथून सुरू करायचा आणि पेशंटच्या श्वासाबरोबर डाव्या बरगडीकडे न्यायचा. वायवात, तोंडी परीक्षेत, हे सगळ्यांना येतं. वॉर्डात मात्र बरेच जण थेट बरगडीखाली बोटं घालतात, आणि स्प्लीन अवाढव्य असेल तर हात तिच्यावरच असतो, कडा लागतच नाही, मग 'नॉट पाल्पेबल', हाताला लागत नाही, असं फर्ड्या इंग्रजीत प्रेझेंट होतं आणि सहीही मिळते! माझ्या हाताकडे पहिल्यांदा कुणी बघितलं ते थेट इंटर्नशिपमध्ये, एका रेसिडेंट मॅडमनी, काही न बोलता मनगट धरून खाली नेलं.

म्हणून मागून घ्या. राउंड संपल्यावर, अ‍ॅडमिशन डे सोडून, "मॅडम, मी पोट तपासतो, पाच मिनिटं बघाल का?" एवढंच. कुणी झिडकारेल, झिडकारू दे, दुसऱ्याला विचारा. माझं स्पष्ट मत, यासाठी एचओडींच्या मागे धावू नका, नाइट ड्यूटीचा जेआर, म्हणजे ज्युनियर रेसिडेंट, जास्त शिकवतो आणि आयव्ही लाइन तर सिस्टरकडूनच शिकावी. अ‍ॅपवरच्या व्हिडिओंनी एमसीक्यू सुटतात, हात बसत नाही. घाबरू मात्र नका, कुणी एकदा हात धरून दाखवलं की तो फार पटकन सुधारतो, आणि तपासायच्या मावशींना आधी विचारून, तळवे चोळून गरम करून हात लावलात तर पेशंटही सांभाळून घेतात.

नुकतेच असिस्टंट प्रोफेसर झालेल्यांनाही हेच सांगेन. उमेदवाराला प्रत्यक्ष करताना बघायचं म्हणून हार्डन यांनी स्कॉटलंडमधल्या डंडीत ऑस्की ही प्रात्यक्षिक परीक्षेची पद्धत मांडली ती १९७५ मध्ये, आपण अजून परीक्षेपुरतीच वापरतो. रोज पाच केसेस ऐकण्यापेक्षा एका पोराला पेशंट तपासताना पूर्ण बघा, बाकीची बाजूला उभी राहून शिकतात, त्याला टाइमटेबलमध्ये वेगळा तास लागत नाही.