आरएक्स-आरडीचं मागचं चाक आणि चिमटा बदलताय? या चुका टाळा

यामाहाची आरएक्स 100 दारात आली की काही दिवसांतच पोरांना तिचा मागचा टायर बारीक दिसायला लागतो. मग एका गाडीचं अलॉय, दुसरीचा चिमटा (स्विंगआर्म, मागचं चाक धरून वरखाली हलणारा भाग) आणि तिसरीचे शॉकअप पोत्यात भरून मंडळी माझ्या गॅरेजवर हजर. "काका, फक्त बसवून द्या." या 'फक्त'मध्ये काय काय असतं, ते एकदा लिहूनच टाकतो. 1985 ते 1996 पर्यंत आपल्याकडे बनलेली आरएक्स असो की 1983 ची राजदूत 350, म्हणजे यामाहाची आरडी, दोन्हींत मागे ड्रम ब्रेक, 18 इंची स्पोकचं चाक आणि दोन शॉकअप. साधी गोष्ट आहे. म्हणूनच लोक तिला हलक्यात घेतात.

आधी टॉर्क रॉड, कारण याने माणसं पडतात. ड्रमच्या प्लेटला चिमट्याशी बांधून ठेवणारी जी पट्टी असते ती. ब्रेक दाबला की लायनर (आतले ब्रेकशू) ड्रमला धरतात आणि फिरता ड्रम अख्खी प्लेट आपल्याबरोबर ओढायला बघतो. तिला थोपवून धरायचं एवढंच या पट्टीचं काम. आता डिस्कवाल्या नव्या गाडीचा चिमटा आणला, की त्याला ही पट्टी पकडायचा कानच नसतो. तिथे कॅलिपरची, म्हणजे डिस्क दाबणाऱ्या पकडीची सोय असते, ड्रमची नाही.

सांगलीकडच्या एका पोराने असाच चिमटा घातला होता. चाक मात्र जुनंच, ड्रमचं. पट्टीला जागा नाही म्हणून कुणीतरी हुशाराने प्लेट चिमट्याला पाइपच्या क्लिपने आवळून दिली. गावात चालली, कारण गावात कोण जोरात ब्रेक मारतो? मागे मित्राला बसवून पन्हाळ्याहून उतरताना एका वळणावर त्याने ब्रेक दाबला आणि क्लिप तुटली. प्लेट चाकाबरोबर फिरली, तिने ब्रेकची दांडी सोबत ओढली, दांडीने लायनर आणखी घट्ट दाबले आणि चाक जागीच जाम. पाय ब्रेकवरून उचलूनही उपयोग नव्हता, कारण ब्रेक आता पायाने लागलेलाच नव्हता. त्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं, मित्राचा गुडघा सोलवटला. माझ्याकडे गाडी टेम्पोतून आली तेव्हा ब्रेकची दांडी हबभोवती (चाकाच्या मधल्या भागाभोवती) गुंडाळलेली होती.

कान हवा असेल तर तो चिमट्याचं काम करणाऱ्या वेल्डरकडून, मागे आधारपट्टी देऊन लावून घ्यायचा. पट्टी मूळ गाडीइतकीच जाड हवी. दोन्ही टोकांना नटाच्या बाहेर स्प्लिट पिन (नट सुटू नये म्हणून घालायची दुटोकी पिन), आणि तीही नवी. वाकलेली पिन हातोडीने सरळ करून परत घालणारा दिसला की माझं डोकं फिरतं. दोन-पाच रुपयांची वस्तू आहे ती.

दुसरी चूक दिसत नाही, म्हणून जास्त छळते. हबमध्ये दोन बेअरिंगच्या मध्ये एक पोकळ नळी असते, डिस्टन्स पीस. बेअरिंग बदलताना ती खाली पडते, कोपऱ्यात जाते आणि चाक तिच्याशिवायही बसतं. किंवा दुसऱ्या गाडीची आखूड नळी घातली जाते. एक्सलचा (चाकाच्या दांड्याचा) नट आवळला की सगळा दाब त्या नळीतून जायला हवा. नळी नसेल तर दोन्ही बेअरिंगच्या आतल्या रिंगा एकमेकींकडे दाबल्या जातात, गोळ्या एका बाजूने घासत राहतात, हब तापतो आणि काही दिवसांत चाक डुलायला लागतं. मग मालक म्हणतो, बेअरिंग डुप्लिकेट निघाली. महागडी घालतो. तीही जाते.

ओळखायचं कसं? चाक उचलून हाताने फिरवा. एक्सल सैल असताना मोकळं फिरतंय आणि नट आवळला की जड होतंय, तर ब्रेकला हात लावू नका, हब उघडा. नळी बेअरिंग बसतात त्या आतल्या दोन खाचांमधल्या अंतराएवढी किंवा केसभर जास्त हवी, कमी अजिबात नको. मी एका बाजूची बेअरिंग पूर्ण तळाला बसवतो, नळी घालतो आणि दुसरी बेअरिंग नळीला टेकली की ठोकणं थांबवतो. ठोकायचं ते बाहेरच्या रिंगवर. आतल्या रिंगवर सॉकेट ठेवून घाव घालणाऱ्याने बेअरिंग बसवायच्या आधीच खराब केलेली असते.

बाहेरचे कॉलर (चाक आणि चिमट्यामधली एक्सलवरची कडी) हा याचाच भाऊ. दुसऱ्या गाडीचं चाक आणलं की चिमट्यात फट उरते आणि लोक तिथे वायसर भरतात. चार वायसर, एक पत्र्याचा तुकडा, झालं काम. व्हर्नियरने मोजा, कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुठल्याही लेथवर स्टीलचा एक अखंड कॉलर तासभरात टर्न करून मिळतो. मात्र कॉलर टर्न करण्याआधी दोन गोष्टी ठरलेल्या हव्यात: चाक मधोमध आहे का, आणि मागचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) पुढच्याच्या रेषेत आहे का. चाक मधोमध असून चेन तिरकी पळत असेल तर दोष कॉलरचा किंवा स्प्रॉकेटच्या बैठकीचा. तो चेनचा ॲडजस्टर फिरवून सरळ करायला गेलात तर चेन सरळ होईल आणि गाडी तिरकी. चिमट्यावरच्या चाक जुळवायच्या रेघांवर मी विश्वास ठेवत नाही, जुन्या गाडीच्या तर नाहीच. पिव्होटच्या (चिमटा ज्यावर हलतो त्या बोल्टच्या) मध्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी मोजतो, मग मागच्या टायरला सुतळी लावून पुढपर्यंत ताणतो. पुढच्या टायरच्या दोन्हीकडे फट सारखी आली की झालं.

चिमट्याचे बुश (पिव्होटभोवतीच्या नळ्या): आरडीचे मूळ बुश प्लास्टिकचे, ते झिजतातच. ब्राँझचे करून घ्या. चाक आणि शॉकअप काढून चिमट्याची टोकं आडवी हलवा. खडखडलं तर नवं चाक घालून काही उपयोग नाही, वळणावर गाडी शेपूट हलवणारच. रबरी बुश असतील तर पिव्होटचा नट गाडी चाकांवर उभी असताना आवळा, नाहीतर रबर पिळलेलं राहतं. अडकलेला पिव्होट थेट हातोड्याने ठोकू नका, टोक फुगलं की तो बाहेर येत नाही. रात्रभर तेल सोडा. घाई असेल तर दुसरा मेकॅनिक बघा.

चिमटा पाइप जोडून लांबवणं: शॉकअप होते तिथेच राहिले आणि मागे लांबी वाढली, तर तेच शॉकअप मऊ पडतात आणि जोडावर वाकवणारा जोर वाढतो. लांबी मला तरी फक्त फोटोत चांगली दिसते.

1.85 इंच रुंदीच्या रिमवर रुंद टायर चढवला तर तो गोल न राहता टोकदार होतो. त्याला जागा करायला चिमटा आतून ग्राइंड करणाऱ्यांशी मी बोलत नाही.

चेन लॉकच्या (चेनची टोकं जोडणाऱ्या कडीच्या) क्लिपचं बंद टोक चेन धावते त्या दिशेला.

चेनचा ढिलेपणा गाडीवर माणूस बसवून बघा. पुढचं स्प्रॉकेट, पिव्होट आणि एक्सल एका रेषेत येतात तेव्हा चेन सगळ्यात ताणलेली असते, आणि तिथेही थोडी सैल हवी.

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 बदललेल्या गाडीच्या बाजूने नाही. अपघात झाला तर विमावाले ते बदल बरोबर शोधून काढतात.

आणि काढलेला मूळ चिमटा, चाक, टॉर्क रॉड भंगारात देऊ नका. वर्षभराने तीच पोरं "काका, ओरिजिनल मिळेल का?" विचारत येतात, आणि तेव्हा आरडीचा सरळ, न वेल्ड केलेला चिमटा शोधायला फोन मलाच फिरवावे लागतात.