बेलफास्टहून डब्लिनला जाताना: भारतीय पासपोर्टधारकांसाठी

१९२२ मध्ये आयर्लंड ब्रिटनपासून वेगळे झाले (बेलफास्ट ज्यात आहे तो उत्तर आयर्लंड मात्र ब्रिटनकडेच राहिला), तरी दोन्ही देशांनी प्रवासाचे सामाईक क्षेत्र राखले आणि ब्रेक्झिटनंतरही ते टिकवले. त्यामुळे बेलफास्टहून डब्लिनला निघालेल्या बसमध्ये सीमा ओलांडल्याचे कळते ते बहुधा रस्त्याकडेच्या पाटीवरून, कारण वेगमर्यादा मैलांऐवजी किलोमीटरमध्ये दिसू लागते. चौकी नाही म्हणून परवानगी लागत नाही, असा समज मात्र मुळीच करून घेऊ नये. सामाईक क्षेत्रातील मुक्त संचाराचा हक्क केवळ ब्रिटिश आणि आयरिश नागरिकांना आहे आणि आयरिश पोलीस बसमध्ये किंवा रेल्वेत कागदपत्रे तपासू शकतात.

आई-वडील ब्रिटनच्या पर्यटक व्हिसावर आले असतील, तर त्यावर ‘बीआयव्हीएस’ (ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना) ही नोंद आहे का, हे आधी पाहावे. ती असल्यास त्याच व्हिसावर आयर्लंडला जाता येते, मात्र व्हिसा ज्या देशाने दिला त्या देशात प्रथम रीतसर प्रवेश झालेला असावा लागतो आणि मुक्कामाची मुदत शिल्लक असावी लागते.

ब्रिटनमध्ये शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्या आपल्या मुलांची गफलत होते ती इथेच. ही सवलत अल्प मुदतीच्या व्हिसापुरती असल्याने, वर्षानुवर्षे तिथे राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही आयर्लंडचा स्वतंत्र व्हिसा काढावा लागतो. तिकीट काढण्यापूर्वीच त्यासाठी अर्ज करावा आणि प्रवासात मूळ पासपोर्ट हाताशी ठेवावा.