जपानीत झालेलं सांगताना

भूतकाळाच्या बाबतीत मराठी माणसाला जपानी सुरुवातीला सोपी वाटते. क्रियापदाला लिंग नाही, वचन नाही. 'ताबेमाशिता' म्हणजे जेवलो, जेवली, जेवले, सगळंच. आपला भूतकाळातला 'ने' आणि कर्मानुसार बदलणारं क्रियापदही तिथे नाही. 'रवीने सफरचंद खाल्लं' हे 'रवी वा रिंगो ओ ताबेमाशिता' असं होतं आणि 'खातो' म्हणताना रवी आणि सफरचंदामागे लागणारे 'वा' आणि 'ओ' जागचे हलत नाहीत. उच्चारात 'शि'मधला इकार जवळजवळ गिळायचा: माश्ता.

सभ्य रूपात 'मास'चं 'माशिता' आणि नकारार्थी 'मासेन'चं 'मासेन देशिता' करायचं. साधं रूप मात्र घोकावंच लागतं, कारण पुढच्या बहुतेक रचना त्यावर उभ्या आहेत. 'ताबेरु'सारख्या, म्हणजे पहिल्या गटातल्या, क्रियापदांत 'रु' जाऊन 'ता' येतो: ताबेता, मिता. दुसऱ्या गटात शेवटचं अक्षर पाहायचं:

उ, त्सु, रु – त्ता (काउ, कात्ता)
मु, बु, नु – न्दा (योमु, योन्दा)
कु – इता (काकु, काइता)
गु – इदा (ओयोगु, ओयोइदा)
सु – शिता (हानासु, हानाशिता)

नेहमीच्या वापरातले अपवाद तीनच: सुरु–शिता, कुरु–किता, इकु–इत्ता. 'काएरु' (परतणे) आणि 'हाइरु' (आत जाणे) दिसायला पहिल्या गटातले, पण आहेत दुसऱ्यातले: काएत्ता, हाइत्ता. आणि जोडाक्षराकडे दुर्लक्ष नको. 'किता' म्हणजे आला किंवा (कपडे) घातले, 'कित्ता' म्हणजे कापलं.

विशेषणांत एक चूक हमखास होते: 'आत्सुइ देशिता'. 'इ'कारान्त विशेषण काळ स्वतःच्या अंगावर घेतं, म्हणून 'आत्सुकात्ता देस' (गरम होतं) आणि नकारार्थी 'आत्सुकुनाकात्ता देस'. 'इइ'चं (चांगलं) 'योकात्ता' होतं. उलट 'किरेइ' (सुंदर) इकारान्त दिसत असलं तरी त्या गटातलं नाही, ते 'किरेइ देशिता'.

कालवाचक शब्दांत 'किनोऽ' (काल), 'ओतोतोइ' (परवा, पण फक्त मागचा, पुढच्याला 'आसात्ते'), 'सेन्शू' (गेला आठवडा), 'सेन्गेत्सु' (गेला महिना), 'क्योनेन' (गेलं वर्ष), 'ओतोतोशि' (त्याच्या आधीचं वर्ष), 'साक्कि' (मघाशी) आणि 'कोनो आइदा' (परवाच, अलीकडे) एवढे आधी पाठ करा. यांना 'नि' (आपल्या 'ला', 'त'सारखा) लागत नाही. ठरावीक तारखेला, तासाला किंवा सालाला लागतो: '2019 नेन नि'.

जपानमधल्या सरकारी अर्जांवर साल बरेचदा सम्राटाच्या कारकिर्दीनुसार असतं. शोवात 1925 मिळवा, हेइसेइत 1988, रेइवात 2018. म्हणजे हेइसेइ 12 हे 2000 आणि रेइवा 6 हे 2024. बदलाची सालं जपून वाचा: 7 जानेवारी 1989 पर्यंत शोवा 64, दुसऱ्या दिवसापासून हेइसेइ, रेइवा 1 मे 2019 पासून. पहिल्या वर्षाला 'इचिनेन' नव्हे, 'गान्नेन' म्हणतात.

खरी अडचण आपला भूतकाळ आणि त्यांचा भूतकाळ एकमेकांवर बसत नाहीत तिथे येते. 'जेवलास का?' या प्रश्नाला 'अजून नाही जेवलो' म्हणताना 'मादा ताबेमासेन देशिता' चुकतं. 'मादा ताबेते इमासेन' म्हणा, किंवा नुसतं 'मादा देस'. 'मासेन देशिता'त वेळ टळून गेल्याचा अर्थ आहे: आज सकाळी काही खाल्लं नाही, ते आता संपलं. हाक मारल्यावर आपण 'आलोच' म्हणतो, तिथे 'किमाशिता' म्हटलंत तर समोरचा गोंधळेल. तिथे हवं 'इमा इकिमास'.

काही ठिकाणी मात्र मराठी कामी येते. 'इत्ते इमास' म्हणजे 'जात आहे' नव्हे, 'गेला आहे' (आणि तिथेच आहे). 'सुवात्ते इमास' म्हणजे 'बसला आहे'. इंग्रजीतून शिकणाऱ्यांना ही जागा जड जाते. आपण थेट मराठीतून विचार करावा.

अनुभव सांगायला साधं भूतकाळी रूप आणि 'कोतो गा आरिमास': 'निहोन नि इत्ता कोतो गा आरिमास', जपानला गेलेलो आहे. 'इकिमाशिता कोतो' होत नाही. सोबत 'किनोऽ' किंवा 'क्योनेन'ही घालू नये. केव्हा ते सांगायचं असेल तर सरळ 'क्योनेन इकिमाशिता'. 'कोदोमो नो तोकि' (लहानपणी) चालतं.

क्रम सांगताना आपली सवय आडवी येत नाही: 'माए नि'पूर्वी (आधी) नेहमी मूळ रूप, 'आतो दे'पूर्वी (नंतर) नेहमी भूतकाळी. 'ताबेरु माए नि ते ओ आराइमाशिता': जेवण्यापूर्वी हात धुतले. वाक्य भूतकाळातलं असलं तरी 'ताबेता माए नि' नाही. 'तोकि'पूर्वी (तेव्हा) दोन्ही रूपं चालतात, पण अर्थ पालटतो. 'निहोन ए इकु तोकि, कामेरा ओ काइमाशिता' म्हटलं तर कॅमेरा निघण्याआधी घेतला किंवा वाटेत. 'इत्ता तोकि' म्हटलं तर जपानमध्ये पोहोचल्यावर.