गाडी विकायची की ठेवायची? आधी सीट उचला

दसरा जवळ आला की गॅरेजात एकच प्रश्न सुरू होतो, "दादा, आवाज यायला लागलाय. देऊन टाकू का एक्स्चेंजला?" मी कराडकडचा मेस्त्री, पोट इंजिनाच्या कामावर. तरी सांगतो, नुसत्या आवाजावरून दुचाकी विकू नका. इंजिन परत बांधता येतं. चॅसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, सडली किंवा कागद अडकले, तर मेस्त्री काही करू शकत नाही.

म्हणून सुरुवात सीटखालून. बॅटरीच्या आजूबाजूचा पत्रा बघा, ॲसिड सांडून तिथं गंज आधी लागतो. मग गाडी मेन स्टँडवर घ्या, मागचं चाक दोन्ही हातांनी धरून आडवं हलवा. टकटक लागली तर बहुतेक स्विंगआर्मचे, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचे, बुश गेलेत, किरकोळ काम आहे. खरी जागा त्याच्या खाली. मेन स्टँडची पिन बसते तिथलं वेल्डिंग आणि शॉकअपचे जोड, इथं जुन्या स्क्रू-ड्रायव्हरनं टोचून बघा. पापुद्रे निघाले आणि टोक आत घुसलं, तर विषय संपला. युरियाची पोती वाहिलेल्या गाड्यांचं हे हमखास होतं. वरून टाकी चकाचक आणि खालून चाळण. अशी गाडी आरसी रद्द करून भंगारात द्या, भाच्याला कॉलेजला जायला देऊ नका.

चॅसी ठणठणीत असेल तर इंजिनाकडे या. सकाळी सुरू करताना जरासा निळा धूर येऊन थांबत असेल, तर बऱ्याचदा वॉल्व्हचं सील असतं. रेस दिली की सतत निळा धूर आणि ऑइल कमी होतंय, म्हणजे रिंगा-पिस्टन. शंभर सीसीच्या गाडीचं हाफ इंजिन, म्हणजे इंजिनाच्या वरच्या अर्ध्या भागाचं काम, आमच्याकडे पाच-सात हजारांत होतं. नवी गाडी ऑन रोड नव्वद हजारांच्या घरात, हप्ता महिन्याला तीन हजार धरा. दोन-अडीच हप्त्यांत जुनी गाडी पुन्हा काही वर्षं चालणार असेल, तर शोरूमची पायरी कशाला चढायची?

पण क्रँक, टायर, चेन किट, फोर्क सगळंच एकदम आलं आणि बेरीज गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्यावर गेली, तर आहे तशी विका. विकायच्या आधी नवे टायर घालणारे लोक मला कळत नाहीत. घेणारा त्याचे पैसे देत नाही. इंडिकेटर, हॉर्न चालू ठेवा, गाडी धुवा, बास.

कागदांत पहिली तारीख पंधरा वर्षांची. त्यानंतर आरटीओत गाडी दाखवून आरसीचं नूतनीकरण, वर पर्यावरण कर, आणि मुदत मिळते पाचच वर्षांची. त्यामुळं विकायची असेल तर बाराव्या-तेराव्या वर्षी विका, नाहीतर नूतनीकरण करून खुशाल वापरा. साडेचौदाव्या वर्षी गिऱ्हाईक भाव पाडूनच मागतं. कर्ज कधीच फिटलेलं असतं, पण आरसीवर बँकेचं नाव तसंच राहतं. एमपरिवाहन या सरकारी ॲपवर आजच बघून घ्या. १ एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी असेल तर एचएसआरपी, म्हणजे सरकारी सुरक्षित नंबरप्लेटही लागते.

"पेट्रोलमध्ये इथेनॉल आलंय, जुनी गाडी टिकेल का?" असंही विचारतात. रबरी पाइप कडक झाले असतील तर बदला, कार्बोरेटर साफ ठेवा. तेवढ्यासाठी लाखभर घालवू नका. ब्रेकचं कारण मात्र मला पटतं. २०१९ पासून नव्या गाड्यांना सीबीएस (एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागतो) किंवा एबीएस (चाक जाम होऊ देत नाही) सक्तीचं झालं. रोज रात्री हायवेनं एमआयडीसीतून परतणाऱ्या माणसानं तेवढ्यासाठी गाडी बदलली, तर मी अडवणार नाही.

एक्स्चेंजलाच द्यायची ठरली, तर शोरूममध्ये जुन्या गाडीचं नाव आधी काढू नका. नव्या गाडीचा ऑन रोड भाव कागदावर घ्या, सूट किती तेही लिहून घ्या, मग जुनी दाखवा. नाहीतर एक्स्चेंज बोनस एका हातानं देतात आणि गाडीच्या भावात दुसऱ्या हातानं काढून घेतात. सप्टेंबर २०२५ मध्ये साडेतीनशे सीसीपर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा जुन्यांचा भावही आमच्याकडे उतरला. त्याआधीचा आकडा डोक्यात ठेवून भांडू नका. विम्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दलची सूट, तुमचा असतो, गाडीचा नाही. विमा कंपनीकडून पत्र घेतलं की नव्या गाडीच्या विम्याला लावता येतो.

गाडी कुणालाही द्या, मालकाचं नाव बदलायच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर नुसती सही ठोकून मोकळं होऊ नका. आरसीवर तुमचं नाव असेपर्यंत अपघाताची भरपाई तुमच्या गळ्यात येऊ शकते, असं सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्येच सांगितलंय. घेणाऱ्याच्या आधारची झेरॉक्स, डिलिव्हरी नोट (गाडी ताब्यात दिल्याचा कागद) आणि त्यावर तारखेबरोबर वेळही लिहून घ्या. मग नाव बदललं का, ते एमपरिवाहनवर स्वतः बघत राहा. एजंटाच्या "झालं, झालं"वर जाऊ नका.