गणपतीतली क्विझ काढताय? या चुका टाळा

ठाण्यातल्या सोसायटीत गणपतीत क्विझ ठेवली की 'भारतातली पहिली रेल्वे कुठून कुठे धावली?' हा प्रश्न ठरलेलाच. बोरीबंदर ते ठाणे, १६ एप्रिल १८५३, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. तेवढ्यात मागच्या रांगेतून कुणी काका उठतात: रुडकीजवळ सोलानी नदीवरून कालवा नेणाऱ्या जलसेतूच्या कामावर १८५१ मध्येच वाफेचं इंजिन माती वाहत होतं, त्याचं काय? काकांचं बरोबर आहे. प्रश्नात 'प्रवासी' हा शब्द हवा होता.

'पहिला' लिहिलंत की त्याची अट आधी लिहा. खाशाबा जाधवांचं १९५२ चं हेलसिंकीतलं ब्राँझ हे स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. 'स्वतंत्र' गाळलंत, तर १९०० साली पॅरिसला दोन रौप्यपदकं मिळवणारा नॉर्मन प्रिचर्ड आडवा येतो.

व्हॉट्सॲपवरचं ज्ञान तर सरळ चाळणीतून काढा. हॉकीला राष्ट्रीय खेळ म्हणून सरकारी मान्यता नाही. चीनची भिंत अंतराळातून साध्या डोळ्यांनी दिसते म्हणे. २००३ मध्ये जाऊन आलेल्या यांग लिवेई या चिनी अंतराळवीरालाच ती दिसली नव्हती.

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक म्हणजे नुसती सालं विचारणं. इंग्रजांच्या कैदेत असलेले, दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे ठाण्याच्या किल्ल्यातून कधी निसटले? १८१६. मांडवात जांभया. त्याऐवजी विचारा, कडेकोट पहाऱ्यात त्यांना बाहेरचा निरोप कसा मिळाला? देशी शिपाई फितूर होतील म्हणून इंग्रजांनी मुद्दाम गोरे पहारेकरी ठेवले होते. एका साहेबाचा मराठी मोतद्दार घोडा फिरवत खिडकीखालून जायचा आणि गाणं म्हणायचा. सुटकेचा बेत त्या गाण्यातच होता. पहारेकऱ्यांना मराठीचा गंध नव्हता! हाच किल्ला म्हणजे आजचं ठाणे मध्यवर्ती कारागृह, हे शेवटी सांगा; रोज त्या भिंतीवरून रिक्षाने जाणारेही चमकतात.

एवढं करूनही वाद झालाच, तर माइकवर गूगल उघडून बसू नका, आरती लांबते. दोन्ही उत्तरांना आधार असेल तर दोघांनाही गुण द्या. प्रश्नच फसला असेल तर रद्द करून राखीव प्रश्न घ्या. राखीव पाच-सहा तरी हवेत, आणि तेही दुसऱ्या कुणाकडून आधी तपासून घेतलेले.