डिरेक्टरीत नाव टाकलं तरी गिऱ्हाईक येईना? आधी या चुका टाळा

गेल्या मे महिन्यात दुपारी अडीचच्या टळटळीत उन्हात काकीला फोन आला, "मॅडम आम्ही पोचलोय, समोर पाणी दिसतंय, पण तुमचं घर कुठाय?" काकीचं होमस्टे देवबागला, चार खोल्या आणि मागे माडाची बाग. ती गेटवर जाऊन उभी राहिली तर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. पाच मिनिटं दोन्हीकडून "हॅलो हॅलो" झाल्यावर कळलं की ती मंडळी भोगव्याला उभी होती, म्हणजे कर्ली खाडीच्या पलीकडे. आमचे माड त्यांना तिथून दिसत होते, पण मध्ये खाडी, होडी नसेल तर गाडीने तासाभराचा वळसा. दोन लहान पोरं, एक आजी, जेवण व्हायचंय. आले बिचारे साडेचारला, आणि आजी काकीशी दुसऱ्या दिवसापर्यंत बोलली नाही.

गुगलवर आमचा पिन बरोबर होता, मीच टाकलेला. ते लोक आले होते कुठल्याशा ट्रॅव्हल डिरेक्टरीवरून, म्हणजे धंद्यांची यादी देणाऱ्या साइटवरून, तिथे आमचं लिस्टिंग, म्हणजे नाव-पत्ता-नंबरची नोंद, आहे हे आम्हालाच माहीत नव्हतं. कोणी बनवलं, कधी बनवलं, देव जाणे.

तेव्हापासून मी घरच्यांची आणि मग ओळखीपाळखीत अशी बरीच लिस्टिंगं निस्तरली, मालवण, कुडाळ, वेंगुर्ला करत. माझं मत आता असं झालंय की नवीन डिरेक्टरीत नाव टाकायच्या आधी जुनी लिस्टिंगं शोधून काढा, निम्मा त्रास तिथेच असतो.

स्वतःलाच शोधत नाही ही पहिली चूक

शोधायचं कसं, तर फक्त धंद्याचं नाव टाकून नाही. आजवर वापरलेले सगळे फोन नंबर एकेक करून सर्चमध्ये टाका, पुढेमागे अवतरणचिन्ह लावून. काकीच्या बाबतीत जुना लँडलाईन टाकला, ०२३६५ वाला, जो सरेंडर करून चार वर्षं झाली होती, आणि तीन ठिकाणी तो अजून नांदत होता. एका ठिकाणी काकांचा नंबर, काका आता फोन घेतच नाहीत. आणि नावाची तर तऱ्हाच. आमच्या नावात "कृपा" आहे, त्याचं इंग्रजी स्पेलिंग एकीकडे के-आर-यू, दुसरीकडे के-आर-आय, तिसरीकडे नुसतंच "देवबाग बीच स्टे", जे नाव आम्ही जन्मात ठेवलं नाही. एकूण सात लिस्टिंगं निघाली, त्यातली आम्ही केलेली दोन.

आता याने बिघडतं काय? गुगल तुमच्या प्रोफाईलमधली, म्हणजे सर्चमध्ये आणि मॅपवर दिसणाऱ्या तुमच्या धंद्याच्या पानावरची, माहिती फक्त तुमच्याकडून घेत नाही, बाकीच्या वेबसाइट, लोकांनी सुचवलेले बदल, हे सगळं बघून स्वतःहून दुरुस्तीही करतं. म्हणून तुम्ही नंबर बदलता आणि काही दिवसांनी परत जुना दिसायला लागतो, आणि आपण म्हणतो गुगलला वेड लागलंय. त्याला नाही हो, चार ठिकाणी चार गोष्टी आपणच सांगून ठेवल्यात.

उपाय साधा आहे. काकीच्या काउंटरवर एक दोनशे पानी वही आहे, तिच्या पहिल्या पानावर मी लिहून ठेवलंय: नाव मराठीत, नाव इंग्रजीत एकाच स्पेलिंगने, वाडी, गाव, तालुका, जिल्हा, पिनकोड, एक मोबाईल नंबर. तेच व्हॉट्सअॅपवर स्वतःला पाठवून पिन करून ठेवलंय. कुठेही फॉर्म भरायचा तर तिथूनच कॉपी-पेस्ट, आठवून टाइप करायचं नाही. मात्र "रोड" पूर्ण लिहिलं की आरडी लिहिलं यावर डोकं फोडून घेऊ नका, तेवढं गुगलला समजतं. पण कुडाळच्या मित्राची काजूची फॅक्टरी आहे, त्याच्या बोर्डावर आणि अर्ध्या लिस्टिंगांत अजून एनएच १७ आहे, हायवेचा नंबर ६६ होऊन कितीतरी वर्षं झाली, हे मात्र बदलायला हवं.

तुमच्या धंद्याची जी लिस्टिंगं तुम्ही बनवलेली नाहीत ती "क्लेम" करा, म्हणजे मालक मीच असं सांगून ताब्यात घ्या. गुगलवर दोन-दोन असतील तर डुप्लिकेट म्हणून रिपोर्ट करा, एक उगाच पडून राहिलं की रिव्ह्यू अर्धे इकडे अर्धे तिकडे. आणि ज्या पोराने पूर्वी प्रोफाईल बनवून दिलं तो आता मुंबईला गेला, त्याचाच जीमेल, पासवर्ड त्याला आठवत नाही, हे तर घरोघरी. त्यासाठी मालकी मागायची रिक्वेस्ट टाकता येते, समोरच्याला उत्तर द्यायला ३ दिवस असतात, त्याने काहीच केलं नाही तर बहुतेक वेळा पुढचा मार्ग उघडतो. तिथेच दुसरं नवीन प्रोफाईल बनवायला जाऊ नका.

पिन घरावर नको, गेटवर टाका

आपल्याकडे पत्ता म्हणजे काय, "देवळाकडून डावीकडे, पाराच्या मागे, कोणालाही विचारा." डिरेक्टरीच्या फॉर्मला हे कळत नाही, ती गावाचं नाव घेते आणि गावाच्या मधोमध कुठेतरी पिन ठोकते, आणि आमच्यासारखा चिंचोळ्या पट्टीवरचा गाव असेल तर तो पिन खाडीतसुद्धा पडू शकतो. म्हणून लिस्टिंग सेव्ह केल्यावर त्यातलं "डायरेक्शन्स" स्वतः दाबून बघा, ते खरंच तुमच्या दारात आणतं का. आणि पिन जिथे गाडी थांबते तिथे पाहिजे, घर आत बागेत असलं तरी. मॅपवर बोट दाबून धरलं की प्लस कोड, म्हणजे त्या नेमक्या जागेचा छोटा कोड, मिळतो, तो बुकिंग झालेल्या माणसाला व्हॉट्सअॅपवर पाठवायचा, भोगव्याचा किस्सा परत होत नाही.

नावात अख्खा मेनू कोंबणे

ही चूक सगळ्यात महाग पडते. मालवणातल्या एकाने प्रोफाईलचं नाव असं केलं होतं: होमस्टेचं नाव, मग तारकर्ली बीच, मग स्कुबा डायव्हिंग, मग बेस्ट सी फेस एसी रूम, मग मालवणी जेवण. कोणीतरी सांगितलं असं केल्याने वर येतं. काही दिवस आला पण वर, खोटं कशाला सांगू. मग ऐन सीझनमध्ये प्रोफाईल सस्पेंड, मॅपवर नावच नाही. गुगलचा नियम सरळ आहे, बोर्डावर जे नाव तेच प्रोफाईलला. स्कुबा, एसी, जेवण या गोष्टी कॅटेगरी, सुविधा, फोटो यांत येतात.

आणि मग त्याने काय केलं, प्रोफाईल परत मिळवायला घाईघाईत गुगलकडे अपील उघडलं आणि नंतर कागद शोधायला लागला. अपीलमध्ये पुरावे जोडायला साधारण तासभर मिळतो आणि याचं लाईट बिल आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन वीस वर्षं, घर सामाईक, सातबाऱ्यावर अकरा नावं. तुमच्यापैकी निम्म्यांचं हेच असणार, लाजू नका. म्हणून आधीच धंद्याच्या नावाने एखादा कागद करून ठेवा: उद्यम नोंदणी, शॉप अॅक्टची पावती, पर्यटन खात्याकडे बेड अँड ब्रेकफास्टची नोंदणी असेल तर उत्तमच. व्हेरिफिकेशनला हल्ली बऱ्याचदा व्हिडीओ मागतात, तो न थांबता एका दमात काढायचा असतो: रस्ता, बोर्ड, आतली खोली, किल्लीने दार उघडताना. बोर्डावर एक नाव आणि प्रोफाईलवर दुसरं दिसलं की तिथेच गाडी अडते.

"तीनशे डिरेक्टऱ्यांत टाकून देतो साहेब"

असा फोन तुम्हालाही आला असेल. मित्राने पाच हजार देऊन हे पॅकेज घेतलं होतं, एक्सेल शीट आली तीनशे ओळींची, मी बघायला बसलो. कितीतरी साइट उघडतच नव्हत्या, काही परदेशातल्या प्लंबर लोकांच्या, आणि यादीत चक्क डीमॉझ, जी डिरेक्टरी मार्च २०१७ मध्ये बंद झाली! मेलेल्या डिरेक्टरीत नाव कसं टाकलं हे विचारायला फोन केला तर उचलला नाही.

एके काळी डिरेक्टऱ्यांतून आपल्या वेबसाइटकडे येणाऱ्या असल्या लिंकांनी साइट सर्चमध्ये वर जायची हे खरं, पण गुगलने २०१२ मध्ये सर्चमध्ये केलेल्या पेंग्विन नावाच्या बदलापासून तो खेळ संपत गेला, आणि फडतूस डिरेक्टऱ्यांतल्या लिंका गुगलच्या स्पॅमच्या नियमांत नाव घेऊन लिहिलेल्या आहेत. फायदा शून्य, आणि वर तीनशे ठिकाणी चुकीचा नंबर निस्तरायचा.

मग टाकायचं कुठे? गुगल बिझनेस प्रोफाईल पहिलं, ते फुकट आहे. बिंग प्लेसेसमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या बिंग सर्चवरच्या लिस्टिंगमध्ये, गुगलवरूनच माहिती ओढून घेता येते, दहा मिनिटांचं काम. आयफोनवाले पुणेकर-मुंबईकर येत असतील तर अॅपलच्या मॅपवरचं पण करा, तेही फुकट. राहण्याची सोय असेल तर ट्रिपअॅडव्हायझर. जस्टडायल आणि इंडियामार्ट दोन्ही १९९६ ची, पण दोघांचं गिऱ्हाईक वेगळं, हे लोक विसरतात. काजूगर, कोकम, आंब्याचा पल्प पोत्या-डब्याने विकणाऱ्याला इंडियामार्टवर घाऊक व्यापारी भेटतो, चार खोल्यांच्या होमस्टेला तिथे काय मिळणार? पैसे भरून लीड, म्हणजे गिऱ्हाईकांच्या चौकशा, घ्यायच्या आधी कुठल्याही डिरेक्टरीला एकच प्रश्न विचारा, ही चौकशी मला एकट्याला येणार की आणखी पाच जणांना. आणि तिथे तुमच्या नंबरऐवजी त्यांचा नंबर दिसणार असेल तर तोही विचारून घ्या.

हे सगळं करून झाल्यावर लिस्टिंगमधली वेबसाइटची लिंक एकदा दाबून बघा. गुगलने पूर्वी जी फुकट वेबसाइट बनवून दिली होती, बिझनेस डॉट साइटवाली, ती मार्च २०२४ मध्ये बंद केली, जूनपासून तर ती लिंक प्रोफाईलवर पाठवायचीही थांबली. आमच्या भागात अजून बोर्डांवर, व्हिजिटिंग कार्डांवर आणि डिरेक्टऱ्यांत तीच लिंक छापलेली आहे.

दुकानात बसून सर्च करून खूश होणे

काका खानावळीच्या गल्ल्यावर बसून "मालवणी थाळी" टाकतात, पहिला नंबर स्वतःचा, झाले खूश. मग म्हणतात पहिला नंबर आहे तर गिऱ्हाईक का नाय? अहो तुम्ही तुमच्याच दारात बसलाय! गुगल तीन गोष्टी बघतं: विचारलेल्याशी तुम्ही किती जुळता, किती जवळ आहात आणि किती नावाजलेले आहात. जवळ असल्यावर तुम्हीच दिसणार. पुण्याच्या बहिणीला सांगा सर्च करायला, "देवबाग होमस्टे" टाकून, आणि स्क्रीनशॉट मागवा. तो खरा नंबर. आणि पैसे देऊन हा नंबर वर नेता येत नाही, गुगल स्वतःच तसं सांगतं, जाहिरात वेगळी गोष्ट. "गुगलमधून बोलतोय, तुमचं लिस्टिंग बंद होणार, ओटीपी सांगा" म्हणणाऱ्याचा फोन ठेवून द्यायचा, बास.

रिव्ह्यूचंही थोडक्यात. "फाइव्ह स्टार द्या, सोलकढी फुकट" असा कागद टेबलावर चिकटवू नका, बक्षीस देऊन रिव्ह्यू घेणं नियमाबाहेर आहे. आमच्या चुलत भावंडांनी एका संध्याकाळी एकाच वायफायवरून नऊ रिव्ह्यू टाकले होते, आठवड्यात सगळे उडाले.

आता माझी स्वतःची चूक. काकांची खानावळ श्रावणात बंद असते, मासे कोण खाणार आणि पर्यटक तरी कुठे असतात पावसात. मी मोठ्या शहाणपणाने प्रोफाईलवर "तात्पुरतं बंद" करून ठेवलं, आणि विसरलो. गणपती गेले, दसरा गेला, दिवाळीची गर्दी आली, किनाऱ्यावर गाड्या लावायला जागा नाही आणि आमच्याकडे दोन टेबलं भरलेली. एक गिऱ्हाईक म्हणालं, "नेटवर तर तुमचं बंद दाखवतंय, वासावरून आत आलो." काका माझ्याकडे बघून फक्त म्हणाले, "माका त्यातला काय कळणा नाय, तूच बघ काय ता." त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

तर, "तात्पुरतं बंद" टाकलंत की त्याच क्षणी मोबाईलमध्ये उघडायच्या तारखेचा अलार्म लावा. दोन-चार दिवसांचीच सुट्टी असेल तर ते बटण दाबूच नका, "विशेष वेळा" मध्ये तारखा टाका. दर सोमवारी मासळी कमी म्हणून बंद ठेवत असाल तर तेही टाका, नाहीतर कोल्हापूरहून घाट उतरून आलेला माणूस बंद दारासमोर उभा राहून एक स्टार देतो आणि त्याचं चूकही नाही.

काकीचा आत्ताच मेसेज आलाय, या वर्षी गणपती अकरा दिवसांचा ठरला, दीड दिवसाचा नाही. मी वेळा दीड दिवसाच्या हिशोबाने भरून ठेवल्या होत्या, त्या बदलायला घेतो.